नकाराचं पत्र पूर्ण वाचा

(रजत महोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला बजावलं आहे, "काका, लिफ्टच्या परवानगीबद्दल बोला, पण दहा मिनिटांत आटपा." तेव्हा प्रास्ताविक गाळतो.

बँकेच्या नोकरीत अमरावती आणि अकोला मिळून मी किती कर्जप्रकरणं नामंजूर केली, त्याचा हिशेब नाही. एक मात्र पाहिलं. नामंजुरीचं पत्र मिळालं की बहुतेक जण ते घडी करून खिशात घालत आणि 'साहेबाच्या मनातच नव्हतं' म्हणत निघून जात. एखादाच विचारायचा, "साहेब, नेमकं कशात अडलं?" त्याचं काम बहुधा व्हायचं. बांधकाम परवानगीचंही तसंच आहे.

आपली इमारत तळमजला अधिक तीन मजले. बांधली तेव्हा सगळे तरणेताठे, लिफ्टची आठवण कोणाला? पुढे गुडघे बोलू लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी एका वर्षात दोनदाच खाली उतरल्या, तेही दवाखान्यासाठी, खुर्चीत बसवून. दोन कुटुंबं घर विकायला निघाली होती. म्हणून सर्वसाधारण सभेत ठराव केला, नकाशा काढून घेतला, अर्ज दिला. उत्तर आलं, 'नियमात बसत नसल्याने नामंजूर.' बस, एवढंच.

त्या रात्रीची सभा आठवत असेल. कोणी म्हणालं, "कोणाले तरी भेटा, काम होते." कोणी म्हणालं, "बांधून टाका ना बाप्पा, कोण पाहते?" परवानगीशिवाय बांधणं हा गुन्हा आहे आणि तोडायची नोटीस आली तर खर्च आपल्याच माथी बसतो, हे मी तेव्हाच सांगितलं.

हा सगळा कारभार महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याखाली चालतो. घर महापालिकेच्या हद्दीत असो (अमरावतीला ती १९८३ पासून, अकोल्याला २००१ पासून), की अचलपूर-मूर्तिजापूरसारख्या नगरपरिषदेच्या, कायदा एकच. त्याचं कलम ४५ सांगतं की परवानगी नाकारताना कारणं लिहिलीच पाहिजेत. कलम ४७ सांगतं की आदेश कळवल्यापासून ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येतं. तिथे दोन्ही बाजू ऐकतात आणि परवानगी देताही येते. अशा आदेशाविरुद्ध दिवाणी दाव्याची वाट कलम १४९ ने अडवली आहे. अपिलातही न्याय मिळाला नाही, तर आपल्याला उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ आहे.

म्हणून आपण तीन कामं एकदम केली. पाकिटावर मिळाल्याची तारीख टाकून पाकीट जपून ठेवलं. 'कोणत्या नियमात बसत नाही?' असं लेखी विचारलं आणि पोच घेतली. शिवाय माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून फाईलवरच्या टिपणांची प्रत मागितली. तिथे उत्तराची मुदत ३० दिवस, म्हणजे अपिलाला १० दिवस उरतात. तोवर अपिलाचा मसुदाही तयार ठेवला.

टिपणांत कारण सापडलं. लिफ्ट बाजूच्या मोकळ्या जागेत येत होती आणि सोडायला हवं तेवढं अंतर उरत नव्हतं. ते वाचून दाखवलं तेव्हा तळमजल्यावरचे आपले भाऊ पहिल्यांदा बोलले, "माझ्या स्वयंपाकघरात दिवसा लाइट लावावा लागला असता. पण आजींसाठी होतं, म्हणून गप्प होतो." सभेत सगळे चूप! जे शेजारी बोलू शकला नाही, ते नियम बोलत होता. एका ओळीचा नकार चुकीचा होता, पण त्यामागचं कारण खरं होतं. मग अपील ठेवलं बाजूला. लिफ्ट मागे जिन्याला लागून घेतली, सुधारित नकाशा दिला आणि परवानगी मिळाली. ती अर्ध्या जिन्यावर थांबते, नऊ पायऱ्या चढाव्याच लागतात. पण आजी आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत.

याचा अर्थ प्रत्येक नकार मान्य करा, असा नाही. काहींच्या प्लॉटवर शाळेचं, बगिच्याचं आरक्षण पडतं. पालिका जागा घेत नाही अन् बांधूही देत नाही. अंतिम विकास योजना लागू होऊन १० वर्षं झाली, तर कलम १२७ खाली मालकाला नोटीस देता येते. नोटिशीनंतर ठरलेल्या मुदतीत संपादनाचं पाऊल पडलं नाही, तर आरक्षण संपतं. ही मुदत पूर्वी सहा महिने होती, २०१५ च्या दुरुस्तीनंतर २४ महिने आहे. श्रीरामपूरच्या जमीनमालकांनी याच कलमाच्या बळावर लढा दिला. नगरपरिषद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, पण २०१३ मध्ये निकाल मालकांच्या बाजूने लागला.

आणखी एक. '६० दिवसांत उत्तर नाही म्हणजे परवानगी मिळाली' असं कोणी सांगेल. कायद्यात तसं आहे, पण बांधकाम नियमांत तंतोतंत बसत असेल तरच. तो भरवसा धरून पाया खोदू नका.

पुढच्या पंचवीस वर्षांत इमारत नव्याने बांधायचा प्रश्न येईल. तेव्हा आम्ही नसू. लिफ्टची पूर्ण फाईल, पाकिटासकट, कार्यालयाच्या कपाटात ठेवली आहे. नकार आला तर आधी कारण मागा, दिवस मोजा. मग घरचे सगळे बसून एकमेकांना विचारा, हा नियम आपल्यातल्या कोणाला वाचवत तर नाही ना? नसेल, तर खुशाल लढा.

दहा मिनिटं झाली.