हृदयाचे अवेळी ठोके आणि औषधे

हृदयविकाराचा झटका ओसरला तरी हृदयस्नायूत व्रण राहतो. त्याच्या कडेने विद्युत्‌संदेश रेंगाळतात आणि जवनिकांतून, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून, अवेळी ठोके पडू लागतात. असे ठोके ज्यांना अधिक, त्यांना आकस्मिक मृत्यूचे भय अधिक. तेव्हा ठोके दाबले की मृत्यू टळेल, असे वैद्यकाने मानले. तर्क सरळ होता. अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या ‘कास्ट’ चाचणीत ज्यांचे ठोके औषधाने दबतात असेच रुग्ण निवडले होते. १९९१ च्या अहवालात एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावल्याचे आढळले; औषधविरहित गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. आलेख सुधारला, रोगी गेला! ही औषधे संदेश आणखी मंदावतात. रक्तपुरवठा तोकडा असलेल्या स्नायूत तेच घातक ठरते. बीटा-रोधक औषधे अवेळी ठोके त्या मानाने थोडेच कमी करतात. झटक्यानंतरचे मृत्यू मात्र त्यांनी घटलेले दिसले आहेत.