‘आम्ही’ आणि ‘आपण’

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



नव्या यंत्रांच्या युगात आपल्या मुलांना मराठी कोण शिकवणार, हा प्रश्न आज मला आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

यंत्रद्वारा शिक्षण रायपूरला अपरिचित नाही. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर उपग्रहाच्या साहाय्याने दूरचित्रवाणीवरून शिक्षण देण्याचा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत झाला. तत्कालीन मध्य प्रदेशातून त्यासाठी निवडलेला विभाग रायपूर परिसराचाच होता. पुढे २०२० च्या महामारीत शाळा बंद पडल्या, तेव्हा ‘पढई तुंहर दुआर’ या योजनेने छत्तीसगढी मुलांच्या घरी संगणकीय पाठ नेले. पण ज्यांच्या हाती तसा फोन नव्हता, त्यांचे काय? अखेर ‘पढई तुंहर पारा’ म्हणत शिक्षकांना वस्तीवस्तीत जाऊन मुले जमवावी लागली. यंत्र दारापर्यंत आले. शिकवणे पूर्ण व्हावयास माणूसच लागला.

आज फोन हिंदी वाक्याचे मराठी क्षणात करून देतो. ही सोय मोठी आहे. तिचा तिरस्कार करण्याचे कारण नाही. परंतु हिंदीतील एका ‘हम’साठी मराठीत दोन शब्द आहेत. दारी आलेल्या पाहुण्यासमोर मूल म्हणाले, “आम्ही जेवायला बसतो,” तर पाहुणा बाहेर राहिला. तेच “आपण जेवायला बसू” म्हणाले, तर त्याचे पान मांडले गेले. ऐकणाऱ्याला आपल्यात घ्यावयाचे की नाही, हा निर्णय या शब्दांत आहे. तो पाठ करून येत नाही; भरल्या घरातच तो अंगवळणी पडतो. तीच गोष्ट आईला प्रेमाने ‘तू’ म्हणण्याची. हिंदीच्या सवयीने ‘तुम्ही’ म्हणणारे मूल चुकत नाही, पण मराठी घरातील एका जवळिकीला ते मुकते.

हिंदीमुळे मराठी मागे पडते, अशी तक्रार आपण करतो. ती मला पटत नाही. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले. ‘दासबोध’ आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत नेले. १९२६ साली याच रायपुरात त्यांचे देहावसान झाले. हिंदीची एवढी सेवा करणाऱ्या या पुरुषाची मराठी त्यापायी उणी झाली नाही. मुलाचे मन दोन भाषांना पुरेसे विशाल असते. अपुरा पडतो तो आपला वेळ.

मूल ‘माझा पुस्तक’ म्हणते आणि आपण हसतो. त्या हसण्याने ते हिंदीकडे वळते आणि पुष्कळदा परत येत नाही. त्याऐवजी “तुझं पुस्तक? दाखव बरं!” एवढेच म्हणावे. चूक सुधारते आणि संभाषणही चालू राहते. फोनचाही उपयोग करावा. मात्र तो नागपूरच्या किंवा अमरावतीच्या आजीशी बोलण्यासाठी. मूल शब्द शोधत थांबले, तर आपण मध्येच हिंदी शब्द पुरवू नये. आजी थांबते, आपणही थांबावे.

मंडळाकडे सभागृह आहे, ग्रंथ आहेत, आणि त्याहून मोलाचे म्हणजे निवांत झालेले वडीलधारे आहेत. दर रविवारी त्यांच्याभोवती चार मुले बसावीत, एवढी व्यवस्था या सुवर्णमहोत्सवी वर्षात व्हावी, ही माझी विनंती. शब्द यंत्र देईल. त्यांतला ‘आपण’ मात्र आपल्यालाच द्यावा लागेल.