दंड, दाम आणि आपुलकी



अर्थशास्त्र म्हणजे केवळ पैशाचे शास्त्र, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः मनुष्य निवड कशी करतो, हा त्या शास्त्राचा गाभा होय. शिकागो विद्यापीठातील गॅरी बेकर यांनी विवाह, अपत्यसंगोपन व घरातील श्रमविभागणी यांचाही याच दृष्टीने अभ्यास केला. १९९२ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक प्राप्त झाले. घरात खर्ची पडणाऱ्या वेळेलाही मोल असते, हे त्यांच्या विवेचनातून स्पष्ट झाले.

परंतु मोल असणे आणि किंमत लावणे या भिन्न गोष्टी आहेत. १९९८ साली इस्राएलमधील हैफा शहरातील दहा पाळणाघरांत एक प्रयोग झाला. मुलांना नेण्यास पालक उशिरा येत. त्यांपैकी सहा पाळणाघरांत दहा मिनिटांहून अधिक उशीर झाल्यास दहा शेकेल दंड ठेवण्यात आला. उशीर कमी होण्याऐवजी सुमारे दुपटीने वाढला! पूर्वी पालकांना थांबून राहिलेल्या शिक्षिकेचा संकोच वाटे. आता दंड हे तिच्या वेळेचे भाडे ठरले. पुढे दंड रद्द झाला, तरी संकोच परतला नाही.

रक्तदानाविषयी हाच विचार ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली मांडला होता. विकत घेतलेल्या रक्तापेक्षा स्वेच्छेने दिलेले रक्त अधिक सुरक्षित असते आणि विक्रीमुळे दानभावना क्षीण होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. भारतातही सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानुसार १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यास बंदी आली.

शेजारच्या काकूंनी रात्रभर जागून रुग्णाची शुश्रूषा करावी आणि सकाळी त्यांच्या हाती पैशांचे पाकीट ठेवावे, तर हिशेब पूर्ण होतो. नाते मात्र दुखावते. याचा अर्थ श्रमाचा मोबदला देऊ नये, असा नव्हे. सेवेच्या नावाखाली नोकराचे वेतन अडविणे हा अन्यायच होय. जेथे श्रम विकला जातो तेथे पूर्ण दाम द्यावा. जेथे स्नेह दिला जातो तेथे स्नेहानेच परतफेड करावी.

उशिरा येणाऱ्या सभासदास दंड लावण्यापूर्वी प्रत्येक संस्थेने व कुटुंबाने हा विवेक करावा. गेलेला पैसा पुन्हा मिळविता येतो. एकदा गेलेला संकोच सहसा परत येत नाही.