आजाऱ्याची गृहशुश्रूषा : तिचें स्वरूप व आपलें कर्तव्य

(ज्युबिली-महोत्सवांत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं देवाच्या उपकारांचें स्मरण करणारे वक्ते पुष्कळ आहेत. आम्ही मात्र, जे आज या मंडपांत येऊं शकले नाहींत त्यांजविषयीं बोलणार आहों. पहिल्या शुक्रवारीं पवित्र कम्युनियन घेऊन आम्ही ज्यांच्या दारीं जातों ते हे आपले आजारी. कोणी अर्धांगवायूनें लुळा पडलेला, कोणाची मांडी मोडलेली, कोणाला कर्करोगानें ग्रासलेलें. इस्पितळानें आपलें काम केलें व त्यांस घरीं पाठविलें. परंतु आजार तेथें संपला नाहीं. तो फक्त माजघरांत आला.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांत हा प्रश्न विशेष बिकट आहे. सन २०११ च्या शिरगणतींत येथें दर हजार पुरुषांमागें ११२२ स्त्रिया आढळल्या. याचें कारण आपणां सर्वांस ठाऊक आहे. कर्ते पुरुष चाकरीनिमित्त मुंबईस जातात; मागें राहतात वृद्ध मातापिता आणि सुना. वाडी रस्त्यापासून दूर, पाखाडी चढूनउतरून जावयाची, वर मृगापासून हस्तापर्यंत कोंकणचा पाऊस. अशा घरीं आजाऱ्याचा सारा भार एका बाईच्या खांद्यावर पडतो. ती थकली, तर दोघें आजारी होतात.

आतां गृहशुश्रूषा म्हणजे काय, हें नीट समजून घेऊं. तिचे दोन प्रकार आहेत. आजाऱ्यास न्हाऊं घालणें, भरविणें, कपडे बदलणें, सोबत करणें हा पहिला. हें काम मायाळू मनाचें कोणीहि माणूस शिकून करूं शकतें. दुसरा प्रकार कुशल शुश्रूषेचा. जखम निर्जंतुक रीतीनें धुऊन बांधणें, शिरेंतून औषध देणें, लघवीची अथवा नाकांतून अन्न देण्याची नळी बदलणें, दुखावलेल्या अवयवांस व्यायाम देणें हीं कामें शिक्षित परिचारिकेचीं व व्यायामोपचार जाणणाऱ्याचीं आहेत, आणि तींहि डॉक्टरांच्या सांगण्यावरून करावयाचीं. पहिलीच्या पगारांत दुसरीचें काम करवून घेणें हा रोग्यावर अन्याय आहे. आणि दुसरी आली म्हणून पहिलें काम आपलें नव्हे असें घरच्यांनीं म्हणणें, हाहि अन्यायच.

कौशल्य कशांत असतें याचें एक उदाहरण देतों. निजून राहिलेल्या माणसाच्या माकडहाडावर व टांचांवर सतत दाब पडला, म्हणजे तेथील रक्त थांबतें आणि कातडी मरते. हींच शय्याव्रणें. तीं एकदां पडलीं, म्हणजे भरून येण्यास महिने लागतात. परंतु दर दोन तासांनीं कूस बदलली, अंथरूण कोरडें व बिनसुरकुतीचें ठेवलें, आणि तांबूस डाग दिसतांच सावध झालों, तर बहुधा तीं पडतच नाहींत. तसेंच अर्धांगवायूच्या रोग्यास आडवें ठेवून पेज पाजूं नये. ती श्वासनलिकेंत जाते. त्यास नीट बसवून, थोडी थोडी द्यावी. लघवीची पिशवी नेहमीं कमरेच्या खालीं टांगावी. चांगली परिचारिका स्वतः काम करून निघून जात नाहीं. ती हें सारें घरच्यांस शिकवून जाते. हीच तिची खरी पारख.

ही कल्पना नवी नाहीं. १६३३ सालीं पॅरिस शहरांत संत व्हिन्सेंट द पॉल व संत लुईझ द मारियाक यांनीं सेवाव्रती भगिनींचा जो संघ स्थापिला, त्या भगिनी मठाच्या भिंतीआड न राहतां गरिबांच्या घरोघरीं औषध व सार घेऊन जात. पुढें १८५९ सालीं इंग्लंडांत लिव्हरपूल येथील व्यापारी विल्यम रॅथबोन यांची पत्नी वारली. तिच्या शुश्रूषेस असलेल्या मेरी रॉबिन्सन या परिचारिकेसच त्यांनीं शहरांतील गरिबांच्या घरीं जाण्यास नेमलें. तेथूनच त्या देशांतील गृहपरिचारिकांची संस्था उभी राहिली.

आपल्या महाराष्ट्रानेंहि या कामीं जगास धडा दिला आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्यानें १९७० सालीं जामखेड येथें काम आरंभिलें आणि खेड्यांतील, बहुधा निरक्षर अशा स्त्रियांस आरोग्यसेविका केलें. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं गांवच्या स्त्रियांस नवजात बालकांची घरींच शुश्रूषा करण्यास शिकविलें; १९९५ पासून तीन वर्षांत तेथील ३९ गांवांत नवजात बालकांचें मृत्युप्रमाण साठ टक्क्यांहून अधिक घटलें. म्हणजे कुशलता ही केवळ मोठ्या पदवीची मिरास नव्हे. ती नेमक्या शिक्षणाची, देखरेखीची व नियमितपणाची कन्या आहे.

असाध्य रोगाविषयींहि दोन शब्द. मुंबईस वांद्रे येथें १९८६ सालीं शांती आवेदना सदन निघालें. मरणोन्मुख कर्करोग्यांसाठीं तें भारतांतील पहिलें आश्रयस्थान. केरळांत कोझिकोड येथें १९९३ पासून जें कार्य सुरू झालें, त्यांत शेजारीपाजारी लोकच शिकून, परिचारिकेसह रोग्यांच्या घरीं जाऊं लागले. २००८ सालीं त्या सरकारानें तें आपलें धोरण म्हणून स्वीकारलें. कित्येक भाविक मंडळी समजतात कीं, वेदना शमविणारें औषध घेणें म्हणजे क्रुसापासून पळणें. तसें नाहीं. परमगुरु बारावे पायस यांनीं १९५७ च्या फेब्रुवारींत स्पष्ट सांगितलें कीं, अन्य उपाय नसतां क्लेश शांत करण्यास अशीं औषधें देणें, त्यांनीं आयुष्य कांहींसें कमी होण्याचा संभव असला तरी, योग्य आहे. मात्र रोग्यास आपलीं धार्मिक व इतर कर्तव्यें पुरीं करतां आलीं पाहिजेत. यास्तव मॉर्फिन हें नांव ऐकून भिऊं नये. तें कोणत्या मात्रेंत द्यावयाचें, हें डॉक्टरांस विचारावें.

घरीं परिचारिका ठेवतांना कांहीं गोष्टी अवश्य विचाराव्या. तिचें शिक्षण काय, व महाराष्ट्र परिचर्या परिषदेंत तिची नोंद आहे काय? कोणत्या डॉक्टरांची देखरेख राहील? रोजचा ताप, नाडी, औषध यांची वही ठेवली जाईल काय? रात्रीं अडचण आल्यास कोणास बोलवावें? पगार व सुट्टी आधींच ठरवावी. आयुष्मान भारत योजना मुख्यत्वें इस्पितळांत दाखल झालेल्या रोग्यासाठीं आहे. घरच्या परिचारिकेचा पगार तींतून निघेल असें धरून चालूं नये. वाडींतील आशाताईंस व प्राथमिक आरोग्य केंद्रास आजाऱ्याची खबर द्यावी. ती वाट बिनखर्चाची आहे.

तथापि घराची मर्यादा ओळखली पाहिजे. श्वास लागणें, शुद्ध हरपणें, तोंड वांकडें होणें, न थांबणारा रक्तस्राव असें दिसतांच वहीं पाहत बसूं नये. १०८ वर दूरध्वनि करून रोग्यास इस्पितळांत न्यावें.

शेवटीं आपल्या धर्मग्रामाचें कर्तव्य. ज्युबिलीची स्मृति म्हणून संगमरवरी शिला बसविण्याचा विचार कांहींनीं मांडला आहे. त्यास आमचा विरोध नाहीं. पण त्यापूर्वीं आम्ही तीन गोष्टी मागतों. प्रत्येक वाडींतील आजाऱ्यांची यादी व्हावी. दोन तरुण व दोन भगिनी यांनीं जिल्हा शासकीय रुग्णालयांतील परिचारिकांकडून कूस बदलणें, भरविणें, व्रण ओळखणें एवढें शिकून घ्यावें. आणि ज्या सुनेनें वर्षानुवर्षें सासूची सेवा केली, तिला आठवड्यांतून एक दुपार तरी शेजारणीनें मोकळी द्यावी, म्हणजे ती झोपेल, बाजारास जाईल, किंवा मिस्सेला येईल. चाकरमानी मंडळींनीं गणपतीच्या व नाताळच्या सुट्टींत केवळ पैसे न देतां दोन रात्री स्वतः उशाशीं जागाव्या.

‘मी आजारी होतों, तुम्हीं माझा समाचार घेतला’ असें प्रभु ज्यांस म्हणेल, त्यांत आपल्या धर्मग्रामाची गणना होवो, हीच आमची प्रार्थना. देव आपणां सर्वांस, आणि विशेषतः अंथरुणावरील आपल्या बंधुभगिनींस, आशीर्वाद देवो.