ख्रिस्ती धर्मातील पंथभेद : शेवटचा शब्द कोणाचा?

(विहाराच्या वर्धापनदिन व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही ख्रिस्ती धर्मातील पंथांवर बोलणार, हे बाहेरच्या फळ्यावर वाचून काही जणांनी विचारले, ‘अहो, विहारात हा विषय कशाला?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, आपली मुले कॉन्व्हेंटमध्ये शिकतात. बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाला जी गर्दी लोटते, तिच्यात आपल्याही आयाबाया असतात. सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेला तर असतातच. आणि नगर जिल्ह्याकडची जी मंडळी इथे बसली आहेत, त्यांच्या भावकीत एक घर बौद्ध तर दुसरे ख्रिस्ती, हे काही नवीन नाही. मग आपला शेजारी काय मानतो आणि काय मानत नाही, हे आपल्याला ठाऊक नको का? खंडन करायचे असो की स्नेह ठेवायचा असो, दोन्हीसाठी आधी माहिती पाहिजे.

आम्ही उमेदीची वर्षे गिरणीत, साचेखात्यात काढली. कॉलेजची पायरी चढलो नाही. आमच्या खात्यात दोन ख्रिस्ती कामगार होते. एक गोव्याकडचा, दुसरा नगरकडचा. गोव्याकडच्याच्या गळ्यात मारियेचे पदक असायचे आणि रविवारची मिस्सा तो कधी चुकवायचा नाही. नगरकडचा गळ्यात काही घालीत नसे, पण त्याच्या पिशवीत डब्याशेजारी मराठी बायबल असे. दोघे एकत्र जेवत, पण एकमेकांच्या चर्चमध्ये जात नसत. आम्हाला नवल वाटे. देव एक, येशू एक, मग वेगळे काय? त्या कुतूहलापोटी जे वाचले आणि जाणत्यांकडून समजून घेतले, ते आज मांडतो.

आधी समान काय ते पाहू. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव, येशू हा देवाचा पुत्र, तो क्रुसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, हे कॅथलिकही मानतात आणि बहुतेक सारे इतर पंथही मानतात. म्हणजे भांडण येशूवरून नाही. भांडण आहे ते वेगळ्याच प्रश्नावर. येशूचे म्हणणे नेमके काय, हे ठरवायचे कोणी? शेवटचा शब्द कोणाचा? हा एक प्रश्न मनात पक्का धरा, म्हणजे बाकीचे फरक आपोआप उलगडतात.

कॅथलिकांचे उत्तर असे : येशूने आपला शिष्य पेत्र याला मंडळीचा पाया म्हटले. रोमचे बिशप, म्हणजे पोप, हे पेत्राचे वारस. बायबल खरेच, पण बायबलबरोबर शिष्यांपासून चालत आलेली परंपराही खरी, आणि दोहोंचा अर्थ सांगण्याचा अधिकार पोप आणि त्यांच्याबरोबरच्या बिशपांचा. आज हे पद चौदावे लिओ यांच्याकडे आहे. त्यांची निवड ८ मे २०२५ रोजी झाली.

या उत्तराला पहिला मोठा तडा गेला तो १०५४ साली. पूर्वेकडच्या, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलकडच्या चर्चने सांगितले, रोमच्या बिशपाला मान देऊ, पण आमच्यावर हुकूम चालवू देणार नाही. हे ऑर्थोडॉक्स. त्यांचे संस्कार, पूजाविधी पुष्कळसे कॅथलिकांसारखे, पण पोप नाही, आणि लग्न झालेला माणूस त्यांच्यात पुरोहित होऊ शकतो. दोन्हीकडून एकमेकांना बहिष्कृत केले होते. ते बहिष्कार मागे घ्यायला १९६५ साल उजाडावे लागले. नऊशे वर्षे! आपल्या गावच्या भावकीतले अबोलेसुद्धा इतके टिकत नाहीत.

दुसरा तडा जर्मनीत गेला. त्या काळी पापाबद्दलच्या शिक्षेत सूट देणारी पत्रे चर्चकडून दिली जात. माणूस मेल्यावर स्वर्गात जाण्याआधी शुद्ध होण्यासाठी एका अवस्थेतून जातो, तिला पर्गेटरी म्हणतात. तिथली शिक्षा या पत्रांनी कमी होते, असा समज होता. रोममधल्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला पैसा हवा होता, आणि ही पत्रे पैसे घेऊन खपवली जाऊ लागली. १५१७ साली मार्टिन ल्यूथर या धर्मगुरूने त्याविरुद्ध ९५ मुद्दे मांडले. गरिबाने पोराबाळांच्या तोंडचा घास काढून असली पत्रे का घ्यावीत, हा त्यांतला एक रोख होता. प्रकरण वाढत गेले. १५२१ साली ल्यूथरला बादशहापुढे उभे केले, तेव्हाही त्याने शब्द मागे घेतले नाहीत. शास्त्र आणि माझी सदसद्विवेकबुद्धी यांच्याविरुद्ध मी जाणार नाही, असा त्याचा पवित्रा होता. इथून प्रोटेस्टंट पंथ निघाले. त्यांचे उत्तर : शेवटचा शब्द बायबलचा, पोपचा नाही.

आता पहा, शेवटचा शब्द पुस्तकाचा म्हटल्यावर ते पुस्तक लोकांना वाचता आले पाहिजे. म्हणून ल्यूथरने १५२२ साली नवा करार आणि १५३४ साली संपूर्ण बायबल जर्मन भाषेत आणले. इंग्लंडच्या विल्यम टिंडेलने इंग्रजीत भाषांतर केले. त्याला पाखंडी ठरवून १५३६ साली ठार मारले आणि देह जाळला. कॅथलिकांची मिस्सा मात्र बहुतेक ठिकाणी लॅटिनमध्येच चाले. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती लोकभाषेत येऊ लागली. त्याच परिषदेने सामान्य कॅथलिकांनीही बायबल वाचावे असा आग्रह धरला. म्हणून ‘कॅथलिक बायबल वाचत नाहीत’ असे आज म्हणणे चूक आहे.

हाच फरक आपल्या मराठी मुलखातही दिसतो. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० साली. त्यांच्याबरोबर कॅथलिक धर्म आला. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात पोहोचला. त्याने मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले, ते १६१६ साली छापले गेले. मराठीचे त्याने केलेले कौतुक शाळेत आपण ऐकले आहे. पण ध्यानात घ्या, त्याने बायबलचे भाषांतर केले नाही, बायबलची कथा पुराणरूपाने सांगितली. पुस्तक लोकांच्या हाती द्यायचे नाही, अर्थ लावून कथा द्यायची, ही तेव्हाची कॅथलिक रीत. पुढे बंगालात श्रीरामपूरला विल्यम केरी हा प्रोटेस्टंट मिशनरी आला. त्याने १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ साली नवा करार मराठीत छापला. गोव्यात कॅथलिक धर्म येऊन तोवर तीनशे वर्षे झाली होती! मुंबईत १८१३ साली अमेरिकन मराठी मिशनची माणसे उतरली. नगर जिल्ह्यात त्यांनी काम केले, म्हणून नगरकडचे पुष्कळ ख्रिस्ती प्रोटेस्टंट आणि गोवा-वसईकडचे बहुतेक कॅथलिक. मुंबईतले विल्सन कॉलेज स्कॉटिश प्रोटेस्टंटांचे आणि सेंट झेविअर कॉलेज जेझुइट कॅथलिकांचे, त्याचेही मूळ हेच.

आता बाकीचे फरक थोडक्यात सांगतो.

ग्रंथ : कॅथलिकांच्या बायबलात ७३ पुस्तके, प्रोटेस्टंटांच्या बायबलात ६६. फरकाची सात पुस्तके जुन्या करारातली. म्हणजे ‘पुस्तक एक’ हेही पुरते खरे नाही.

संस्कार : कॅथलिक सात मानतात. बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, पापकबुली, आजाऱ्याला तैलाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह. बहुतेक प्रोटेस्टंट दोनच मानतात : बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. कॅथलिक माणूस फादरपुढे पाप कबूल करतो. प्रोटेस्टंट म्हणतो, देवापुढे थेट बोलेन, मध्ये माणूस कशाला? कॅथलिकांच्या मते मिस्सेतली भाकर आणि द्राक्षारस हे दिसायला तसेच राहतात, पण खरोखर ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त होतात. पुष्कळ प्रोटेस्टंटांना ते स्मरण वाटते.

मारिया आणि संत : इथे आपली मोठी गैरसमजूत असते. कॅथलिक मारियेला देव मानत नाहीत. पूजा देवाची, संतांना मान आणि ‘आमच्यासाठी देवाजवळ रदबदली कर’ अशी विनंती, असा भेद त्यांचा धर्म सांगतो. प्रोटेस्टंट म्हणतात, मध्यस्थ एकटा ख्रिस्तच. म्हणून त्यांच्या चर्चमध्ये क्रूस दिसेल, पण मारियेपुढे मेणबत्त्या आणि नवस दिसायचे नाहीत. जुन्या गोव्याला संत झेविअरच्या शवाचे दर्शन साधारण दहा वर्षांनी होते. अलीकडचे २०२४ च्या नोव्हेंबरात सुरू झाले. असे काही प्रोटेस्टंटांत नाही.

तारण : ल्यूथर म्हणाला, माणूस तरतो तो केवळ विश्वासाने, पुण्यकर्मे जोडून नव्हे. कॅथलिक म्हणतात, आधी देवाची कृपा, मग विश्वास, आणि त्या कृपेच्या बळावर केलेली सत्कर्मेही हवीत. यावरून युरोपात रक्त सांडले. पण ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीत आउग्सबुर्ग येथे ल्यूथरपंथी आणि कॅथलिक यांनी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या आणि या मुद्द्याच्या गाभ्याबद्दल आपण सहमत आहोत असे जाहीर केले.

पुरोहित : कॅथलिक फादर सर्वसाधारणपणे अविवाहित असतो. प्रोटेस्टंट पाळक संसारी असतो. कॅथलिकांत स्त्रीला पुरोहित होता येत नाही. अनेक प्रोटेस्टंट चर्चमध्ये होता येते. दक्षिण भारताच्या चर्चमध्ये २०१३ साली एक स्त्री बिशप झाली. इंग्लंडच्या चर्चमध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदी सारा मुलाली यांची निवड २०२५ साली जाहीर झाली.

आणि पोप कधी चुकतच नाही, असे कॅथलिक मानतात काय? नाही. १८७० साली ठरले ते एवढेच, की पोप आपल्या पदाच्या अधिकाराने, श्रद्धा आणि नीती यांविषयी, साऱ्या चर्चला बंधनकारक असा निर्णय जाहीर करतात तेव्हाच तो अचूक मानायचा. असा निर्णय क्वचितच होतो. १९५० साली मारिया सदेह स्वर्गात गेली हे जाहीर झाले, ते त्याचे उदाहरण.

आता तुम्ही म्हणाल, मग प्रोटेस्टंटांचेच बरे, पुस्तक हातात, मधला अडत्या नाही. थांबा. त्याचीही किंमत आहे. पुस्तक प्रत्येकाच्या हाती दिले की अर्थही प्रत्येकाचा निराळा. ल्यूथर आणि स्वित्झर्लंडचा झ्विंग्ली १५२९ साली एकत्र बसले. पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर एकमत झाले, आणि पंधराव्यावर, प्रभुभोजनातल्या भाकरीवर, दोघे फुटले ते फुटलेच. त्यानंतर अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, आणि विसाव्या शतकात प्रार्थनेने आजार बरे होतात असे मानणारे पेन्टेकॉस्टल. फांद्यांना फांद्या. चळवळीतल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको! उलट जुळणेही झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्याच नागपुरात सहा प्रोटेस्टंट चर्च एक होऊन उत्तर भारताचे चर्च स्थापन झाले. कॅथलिकांत मात्र मतभेद असले तरी घर एक राहते, पण वरचा निर्णय खालच्याला मानावा लागतो. एकीकडे एकी आणि शिस्त, दुसरीकडे मोकळीक आणि फाटाफूट.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण इथे फार बोलके आहे. १८८३ साली त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, तोही प्रोटेस्टंटांतल्या अँग्लिकन चर्चमध्ये. पण तिथल्या धर्मभगिनींनी ‘चर्च सांगते ते माना’ म्हटल्यावर त्यांनी नकार दिला. पुरोहितांच्या हुकमतीतून बाहेर पडलेली ही बाई दुसऱ्या हुकमतीत शिरायला तयार नव्हती. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणले. आमच्यासारख्या कामगाराला कळेल असे मराठी त्यांना हवे होते. म्हणजे शेवटचा शब्द कोणाचा, हा प्रश्न प्रोटेस्टंटांच्या घरातही मिटलेला नाही. तो पुस्तकावरून पुन्हा माणसाच्या मनापर्यंत येतोच.

एक गोष्ट मात्र दोन्ही पंथांना सारखी लागू आहे आणि ती आपण विसरू नये. जात कोणालाच पुरती घालवता आली नाही. तामिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्त्यांना दफनभूमीसुद्धा वेगळी आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. त्या १९५६ साली शिखांना आणि १९९० साली आपल्याला मिळाल्या. दलित ख्रिस्ती, कॅथलिक असो की प्रोटेस्टंट, बाहेरच राहिला. त्या मागणीसाठी मात्र दोन्हीकडचे लोक एका मांडवात बसतात.

तरुण मित्रांनो, पुढच्या वेळी कोणी ख्रिस्ती मित्र भेटला तर ‘तुम्ही लोक मारियेची पूजा करता ना?’ असे एकदम विचारू नका. आधी विचारा, ‘तुमचे चर्च कोणते?’ मग विचारा, ‘तुमच्याकडे अखेरचा निर्णय कोण करतो?’ माणूस मोकळेपणाने बोलेल. आणि तो आपल्यालाही उलटून हाच प्रश्न विचारील, तेव्हा उत्तर देता येईल एवढे वाचन आपले असू द्या. विहारातले कपाट त्यासाठीच आहे. चावी समितीकडे असते.



जयभीम! नमो बुद्धाय!