लिहिण्याची मुभा, छापण्याची मुभा



प्रकाशकाला अध्यक्षपदी बसवायला संमेलनं सहसा धजत नाहीत. न जाणो, भाषणाऐवजी हा हिशेबच मांडायचा! तुम्ही धजलात, त्याबद्दल मनापासून आभार. मी आज हिशेबच मांडणार आहे, पण तो एका जर्मन कवयित्रीचा.

आनेट फॉन ड्रोस्टे-ह्युल्सहोफ १७९७ साली वेस्टफालियात, म्युन्स्टरजवळच्या वाडवडिलांच्या गढीत जन्मली. घराणं कॅथलिक, सरंजामी, नावाला जपणारं. मुलगी कविता करते याला घरात कोणाची ना नव्हती. पियानो वाजवणं, भरतकाम करणं, तसंच कविता करणं. चार पाहुण्यांत कौतुक होईल एवढं. अडचण कविता उंबऱ्याबाहेर जाण्याची होती. छापील पुस्तकावर नाव आलं की ते नाव बाजारात गेलं, कोणीही उठून त्यावर बोलावं अशा जागी गेलं.

१८२० साली तिने धार्मिक कवितांची वही आईला अर्पण केली. त्या कवितांत श्रद्धेइतकाच संशयही होता. आईने सोबतचं पत्र वाचलं आणि काही न बोलता वही कपाटात ठेवून दिली. आठवडाभराने मुलीने ती मुकाट्याने परत घेतली. रागावणं नाही, बंदी नाही, चर्चाही नाही. ती कवितामाला तिने जवळजवळ वीस वर्षांनी पुरी केली आणि ती छापली गेली १८५१ साली, तिच्या मृत्यूनंतर. उघड विरोधाशी भांडता तरी येतं. या शांततेशी कसं भांडायचं?

वडील १८२६ साली गेले. गढी भावाकडे गेली आणि आनेट आई व बहिणीसोबत र्‍युशहाउस नावाच्या लहान घरी राहायला गेली. अविवाहित, प्रकृतीने नाजूक, डोळ्यांनी अधू. कुटुंबात कोणी आजारी पडलं की शुश्रूषेला तिलाच बोलावणं येई. बिनलग्नाच्या बाईचा वेळ सगळ्यांचाच असतो, हे आपल्याला समजावून सांगायला नको.

पहिला संग्रह निघाला १८३८ साली, म्युन्स्टरच्या आशेनडॉर्फ प्रकाशनाकडून. आईची संमती मिळाली, पण मुखपृष्ठावर पूर्ण नाव आलं नाही. आडनावाची नुसती आद्याक्षरं आली. निवड आणि संपादनही मित्रांनीच पाहिलं. खप झाला ७४ प्रतींचा. आपल्यापैकी अनेकांना हा आकडा ओळखीचा वाटेल, तेव्हा त्यावर हसू नका! नातलगांनी पुस्तक दुर्बोध आणि टाकाऊ ठरवलं. अर्धवट झाकलेलं नाव वेस्टफालियातल्या प्रत्येक सरदारघराण्याने ओळखलं होतं. बाहेरच्या वाचकांना मात्र ते कळायला मार्ग नव्हता. म्हणजे बदनामी पूर्ण झाली आणि कीर्ती आलीच नाही.

पुढे चित्र पालटलं. तिच्या एका कवयित्री मैत्रिणीचा मुलगा लेव्हिन श्युकिंग, तिच्याहून सतरा वर्षांनी लहान, साहित्याच्या धंद्यातला जाणकार. १८४१-४२च्या हिवाळ्यात दोघंही कॉन्स्टन्स सरोवराकाठच्या मेअर्सबुर्गला, तिच्या मेव्हण्याच्या किल्ल्यात होते. या एका हिवाळ्यात संग्रहभर कविता लिहून दाखवते, अशी पैज तिने लावली आणि लिहून दाखवल्या. १८४२ साली तिची प्रसिद्ध दीर्घकथा कॉटा यांच्या नियतकालिकात आली. आज जगाला माहीत असलेलं ‘दी यूडनबुखं’ हे शीर्षकही संपादकाने दिलेलं. १८४४ साली त्याच कॉटांनी, म्हणजे गटे-शिलरच्या प्रकाशकांनी, तिचा मोठा संग्रह काढला. या वेळी नाव पूर्ण छापलं गेलं. वाटाघाटी श्युकिंगने केल्या. पण आपल्या मजकुरात मनाला येईल तसा फेरफार करायचा नाही, हे तिने त्याला बजावलं होतं.

मानधनाच्या भरवशावर तिने मेअर्सबुर्गच्या द्राक्षमळ्यातलं एक छोटं घर लिलावात ४०० टालरना घेतलं. आयुष्यभर आईच्या आणि भावाच्या छपराखाली राहिलेल्या बाईने कवितेच्या पैशावर घेतलेलं घर! तिथे नीट राहणं तिच्या नशिबी नव्हतं. दरम्यान श्युकिंगने १८४६ साली वेस्टफालियाच्या सरदारांवर बोचरी कादंबरी लिहिली. घरातल्या गोष्टी त्याला हिनेच पुरवल्या, असा संशय तिच्यावर आला आणि मैत्री तुटली. म्हणजे दुसऱ्याने छापलेल्याचीही किंमत हिनेच मोजली. २४ मे १८४८ रोजी मेअर्सबुर्गच्या किल्ल्यातच ती वारली.

आज आपल्याला कीर्ती नको, शंभर वर्षांनी मात्र आपण वाचले जावं, असं तिने एका मैत्रिणीला लिहिलं होतं. १९९०च्या दशकात जर्मनीच्या वीस मार्कांच्या नोटेवर तिचा चेहरा आला. या सुखान्तावर टाळ्या वाजवून आपण मोकळे होऊ नये. तिची वही कपाटातून परत आली, कारण ती स्वतः ती उचलायला गेली. ज्या गेल्या नाहीत, त्यांची नावं कोणत्याच नोटेवर नाहीत.

तेव्हा मित्रहो, आपल्या धंद्यापुरतं बोलतो. कुटुंबं बदलणं आपल्या हाती नाही. छापण्याच्या वाटेवर मात्र आपण उभे आहोत. या संमेलनापुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, लेखिकेशी करार तिच्याच सहीने व्हावा आणि मानधन तिच्याच खात्यात जावं; ‘यजमानांशी बोलून घेतो’ हे वाक्य आपल्या कचेऱ्यांतून हद्दपार व्हावं. दुसरी, संपादकाने काय गाळलं आणि काय बदललं, याची नोंद हस्तलिखितासोबत जपावी. तिसरी, दिवंगत लेखिकेच्या घरून वह्या आल्या, तर कुटुंबाने निवडलेल्या वह्यांबरोबर बाजूला ठेवलेल्याही मागाव्यात. पुष्कळदा खरा संग्रह तिथेच असतो.

या तिन्ही सूचनांवर उद्याच्या खुल्या अधिवेशनात चर्चा होऊन ठराव व्हावा, अशी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.