बिनबुडाचं फडताळ

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)



मला आज ‘घरातलं तंत्रज्ञान’ या विषयावर बोलायला सांगितलंय. तंत्रज्ञान म्हटलं की आपल्याला मोबाईल आठवतो, मिक्सर आठवतो. मी आज ज्या वस्तूबद्दल बोलणार आहे तिला वायर नाही, बटण नाही, रिचार्ज तर नाहीच नाही. ते भिंतीवरचं एक साधं लाकडी फडताळ आहे आणि त्याला बूड नाही. हसू नका, बिनबुडाच्या गोष्टी सांगायला मी आलेली नाही. त्याला बूड का नाही, तेच तर सांगायचंय.

हे फडताळ फिनलंडचं. फिनलंड हा युरोपात अगदी वर, उत्तरेला असलेला देश. लोकवस्ती साधारण 55 लाख, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्यात मावेल एवढीच. जंगलं आणि तळी भरपूर, थंडी हाडं गोठवणारी. आज तो श्रीमंत देश म्हणून ओळखला जातो, पण 80 वर्षांपूर्वी तसं नव्हतं. तेव्हा बहुतेक माणसं खेड्यात राहायची. शेती, दूध आणि लाकूडतोड यावर घर चालायचं. खेड्यातली बाई विहिरीचं पाणी बादलीनं आणायची, चुलीवर तापवायची, गुरांचं करायची, पोरांचं करायची आणि उरलेल्या वेळात भांडी. ओळखीचं वाटतंय ना?

त्यात 1939 पासून 1945 पर्यंत त्यांच्याकडे युद्ध. थोडी उसंत मिळाली की पुन्हा युद्ध. पुरुष सीमेवर आणि शेत, गोठा, घर सगळं बायकांच्या अंगावर. युद्ध संपलं तेव्हा देशाचा काही भाग शेजारच्या सोव्हिएत रशियाकडे गेला आणि तिथली 4 लाखांवर माणसं आपली घरंदारं सोडून आली. धरणात गाव गेलेल्या तायांना वेगळं सांगायला नको. त्या सगळ्यांना घरं बांधून द्यायची होती. एकसारख्या नकाशांची, साधी लाकडी, हजारोंनी घरं.

याच काळात एक बाई हातात घड्याळ घेऊन स्वयंपाकघराकडे बघत होत्या. त्यांचं नाव माइयु गेबहार्ड. फिनलंडमध्ये 1924 साली ‘त्योतेहोसेउरा’ नावाची संस्था निघाली होती. नाव जिभेला जड आहे, पण अर्थ सोपा: काम कमी कष्टात कसं होईल ते शोधणारी मंडळी. शेतात कुठलं अवजार बरं, कुठल्या कामाला किती वेळ जातो, याचा अभ्यास ती करायची. माइयुबाई तिथल्या घरकाम विभागाच्या प्रमुख होत्या. हे मला फार आवडतं बरं का. शेतीकामाचा विभाग असतो तसा घरकामाचाही विभाग! म्हणजे घरकाम हे काम आहे, हे निदान त्या कार्यालयाच्या पाटीवर तरी लिहिलेलं होतं.

माइयुबाईंनी हिशोब मांडला की घरातली बाई आयुष्यभरात भांडी धुण्यात आणि पुसण्यात जवळपास 30,000 तास घालवते.

तीस हजार. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला पटेना. म्हणून मी आपल्याकडचा हिशोब करून बघितला. मुलगी बारा वर्षांची झाली की तिच्या हातात काथ्या येतो. सकाळचा चहा-नाष्टा, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण मिळून रोजचा दीड तास धरू. दीड तास म्हणजे काही जास्त नाही. मोठं कुटुंब असलेल्या काकू आत्ताच माना हलवायला लागल्या. वर्षाचे झाले 547 तास. अशी 55 वर्षं धरा. 30,000 च्या वर जातो आकडा! आठ तासांचा एक दिवस धरला, तर हे 3,750 दिवस होतात. म्हणजे एकही सुट्टी न घेता दहा वर्षं रोज कामावर जाऊन फक्त भांडी घासायची. त्याची हजेरी कुठे नाही आणि मस्टरवर सही नाही.

आता माइयुबाईंनी पुढे काय केलं ते बघा. त्यांनी कामाचे तुकडे पाडले. खरकटं काढणं, घासणं, विसळणं, पुसणं, जागेवर लावणं. मग एकेका तुकड्याला प्रश्न विचारला, की हे केलंच नाही तर काय बिघडेल? घासलं नाही तर चालणार नाही. विसळलं नाही तर चालणार नाही. पण पुसलं नाही तर? पाणी आपल्या वजनानं खाली उतरतं. ताट उभं ठेवा, पेला पालथा घाला, ते आपोआप निथळतं आणि हवेनं कोरडं होतं. म्हणजे पुसण्याचे तास वाया जाणारे. उलट, दिवसभर वापरलेल्या ओल्या फडक्यानं पुसलं की त्या फडक्यावरची घाणच स्वच्छ भांड्याला लागते.

मग 1944-45 च्या सुमारास त्यांनी हे फडताळ आखलं. भांडी धुवायची जागा असेल, बरोबर तिच्या डोक्यावर भिंतीला ते लावायचं. आत लाकडी दांड्यांचे कप्पे, खालून उघडं, पुढून दार. विसळलेलं ताट हात वर करून सरळ आत उभं करायचं. पाणी खाली मोरीत. दार लावलं की संपलं. पुसायचं नाही आणि दुसरीकडे नेऊन लावायचं पण नाही, कारण भांड्याची रोजची जागा तीच. पुढच्या जेवणाला ताट तिथूनच काढायचं. एका फटक्यात दोन कामं गेली. फिनिश भाषेत त्याला नाव आहे ‘आस्तिआन-कुइवाउस-काप्पी’, म्हणजे भांडी वाळवायचं कपाट.

1948 पासून ते कारखान्यात बनायला लागलं. पुढे लाकडी दांड्यांच्या जागी प्लास्टिकचं आवरण असलेल्या तारेच्या जाळ्या आल्या. आणि आज फिनलंडमध्ये घर म्हटलं की हे फडताळ असतंच. कुणी मुद्दाम दुकानात मागायला जात नाही, ते स्वयंपाकघराबरोबरच येतं. मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं की ते फक्त पैसेवाल्या घरांत राहिलं नाही. स्वस्त होतं, कुठलाही सुतार करू शकेल असं होतं, आणि घरं नव्यानं बांधायचा तो काळ होता.

आता माइयुबाईंच्या घराबद्दल थोडं सांगते, कारण ते आपल्या जवळचं आहे. त्यांचे वडील हान्नेस गेबहार्ड यांना फिनलंडच्या सहकार चळवळीचे जनक मानतात. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी हेदविग यांनी 1899 साली ‘पेल्लेर्वो’ नावाच्या संस्थेची सुरुवात केली. गावोगावी दूध संस्था, पतसंस्था, सहकारी दुकानं उभी करायला मदत करणं, हे तिचं काम. त्यांचा सहकार कायदा 1901 चा आणि आपल्या देशातला पहिला सहकार कायदा 1904 चा. म्हणजे आपण आज बचत गटात जे करतो, थोडं थोडं जमवून एकमेकींना उभं करतो, त्याचीच ही लांबची भावकी. फिनलंडमध्ये बायकांना 1906 साली मतदानाचा आणि निवडणूक लढवायचा हक्क मिळाला. 1907 च्या पहिल्याच निवडणुकीत 200 जणांच्या संसदेत 19 बायका निवडून आल्या. त्यात या हेदविगबाई होत्या. आई संसदेत आणि लेक भांड्यांचा हिशोब करतेय. कुणी म्हणेल लेक खाली उतरली. मला तसं वाटत नाही.

असंच आणखी एक उदाहरण पटकन सांगते. फिनलंडमध्ये 1938 पासून गरीब घरातल्या गरोदर बाईला सरकार एक खोका द्यायला लागलं. त्यात बाळाचे कपडे, सुरुवातीच्या काळात शिवायला कापडसुद्धा, आणि रिकामा झाला की तोच खोका बाळाचं अंथरूण. 1949 पासून तो सगळ्याच आयांना मिळायला लागला. अट एकच: चौथा महिना संपायच्या आत तपासणीला यायचं. आपल्या मातृवंदना योजनेत नोंदणीची अट असते, त्यातली ही अक्कल तीच आहे. साधा पुठ्ठ्याचा खोका, पण त्यानं बाईला दवाखान्याची पायरी चढायला लावली.

परत भांड्यांकडे येते. आता तुम्ही म्हणाल, ताई, आमच्याकडे स्टीलची मांडणी आहे की. आहे, मान्य. पण ती कुठे आहे? भांडी घासतो अंगणात नाहीतर मागच्या दारी दगडावर. मग पाटीत भरून ओली भांडी आत आणायची. मग खाली बसून एकेक पुसायचं. मग उठून मांडणीवर लावायचं. एकेका भांड्याला तीनदा हात लागतो आणि प्रत्येक वेळी वाकणं-उठणं. कंबरदुखीच्या गोळ्या कोण कोण घेतं, ते आरोग्य शिबिरात मी बघितलंय. फिनलंडच्या फडताळाचा धडा मांडणी विकत घ्या असा नाही. मांडणीची जागा बदला, असा आहे. जिथे विसळता तिथेच, हाताच्या अंतरावर.

जसंच्या तसं मात्र उचलू नका. त्यांची भांडी लहान, आपल्याकडे पातेलं, कढई, कळशी. ती फडताळात मावणार नाहीत, त्यांना खाली उतरता कट्टा आणि पालथं घालायला जागा हवी. आपल्याकडे पाल, झुरळ, धूळ आहे, म्हणून दाराला बारीक जाळी मारा, म्हणजे हवाही खेळेल. पावसाळ्यात उशिरा वाळेल, तेव्हा भांडी एकावर एक रचू नका, उभी ठेवा. खालचं पाणी साचू देऊ नका, परसातल्या केळीला किंवा अळूला काढून द्या. आणि लोखंडी तवा, विळी यांना पुसावंच लागेल, त्यांना गंज चढतो.

एक गोष्ट मात्र मला खटकते आणि ती बोलल्याशिवाय राहवत नाही. या फडताळानं पुसणं संपवलं, घासणं संपवलं नाही. घासायला उभं कोण राहणार, हा प्रश्न कुठलंही फडताळ सोडवत नाही. तो घरातच बसून सोडवावा लागतो. पण ताट उभं करून ठेवणं आठ वर्षांच्या मुलालाही जमतं, मुलीइतकंच. सोय जवळ असली की ‘मला येत नाही’ हे कारण चालत नाही, एवढा तिचा फायदा नक्की.

आता गटाचं बोलते. मागच्या काही महिन्यांत मी बऱ्याच मासिक बैठकांना बसले. एका बैठकीत एका ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं, मोरीचा कट्टा करून नळ आत घ्यायला. गटातल्या बाकीच्यांनी विचारलं, त्यातनं उत्पन्न काय येणार? आणि अर्ज मागे पडला. त्याच बैठकीत घरच्या माणसाच्या मोटारसायकलच्या हप्त्यासाठी कर्ज मंजूर झालं. त्यातनं उत्पन्न काय, हे कुणी विचारलं नाही. मी त्या तायांना नावं ठेवत नाही, आपल्या सगळ्यांनाच तशी सवय लागलीय. पण मला सांगा, त्या कट्ट्यानं रोजचा अर्धा तास वाचला, तर वर्षाचे 182 तास झाले. शिलाई करणाऱ्या ताईला 182 तासांत किती ब्लाउज होतात? पापड करणारीला किती किलो? आणि नाही काही केलं, नुसतं पाय लांब करून बसली, तरी मी म्हणेन ते कर्ज वसूल झालं.

म्हणून माझी विनंती अशी, की बाईचं कष्ट कमी करणाऱ्या वस्तूसाठी कर्ज मागितलं तर ते ‘खर्चाचं’ म्हणून बाजूला टाकू नका. कट्टा असो, आतला नळ असो, धूर कमी करणारी चूल असो. इतिवृत्तात वेळेचा हिशोब लिहा आणि मग ठरवा. परतफेडीची शिस्त तीच राहील, हप्ता ठरल्या तारखेलाच, त्यात सवलत मी मागत नाही.

पण त्यासाठी हातात आकडा पाहिजे. माइयुबाईंचं म्हणणं ऐकलं गेलं, कारण त्यांच्याकडे 30,000 होते. नुसतं ‘लई काम पडतं हो’ म्हटलं असतं, तर ‘सगळ्याच बायकांना पडतं’ असं उत्तर मिळालं असतं. म्हणून आपण एक आठवडा मोजू या. प्रत्येक गटाला मी एक कागद देतेय. त्यात सात दिवस आणि तीन रकाने आहेत: घासणं-विसळणं, वाहून नेणं, पुसणं-लावणं. काम सुरू करताना मोबाईलवर वेळ बघायची, संपल्यावर बघायची, मिनिटं लिहायची. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराला लिहायला बसवा, त्यालाही कळेल आई काय करते. पुढच्या बैठकीत सचिवताईंनी गटाची बेरीज काढायची आणि इतिवृत्तात नोंदवायची. ज्या गावात सुतार किंवा वेल्डिंगवाला आहे, त्याच्याकडून जाळीच्या फडताळाचा भाव विचारून ठेवा. पाच-सहा जणींनी मिळून सांगितलं तर भाव कमी होतो, हे तुम्हाला मी काय सांगणार.

कागद सीआरपी तायांकडे दिलेत. चहा झाला की प्रत्येक गटानं आपापला घेऊन जा, आणि आज चहाचे कप कोण विसळतंय त्याचीही वेळ कुणीतरी लावा.